वेलणकरचे दोन बळी

आमच्या फिल्म सोसायटीतल्या मुलांनी यंदा पोलिसांवरचे सिनेमे दाखवायचं ठरवलं आणि पहिला खेळ कशाचा लावायचा यावरून दोन बैठका वाया गेल्या. एकाला ‘सिंघम’ हवा होता, दुसऱ्याला इंग्रजी ‘सर्पिको’. मी ‘अर्धसत्य’वर अडून बसलो. शेवटी मुलांनी माझं ऐकलं आणि लगेच सूडही उगवला : “मग पुस्तिकेची प्रस्तावनासुद्धा तुम्हीच लिहा.” म्हणून हे लिहितो आहे.

सिनेमा १९८३ चा. शेवट बहुतेकांना ठाऊक असतो, त्यामुळे तो लपवण्यात अर्थ नाही. मुंबईतला एक फौजदार, अनंत वेलणकर, रामा शेट्टी नावाच्या गुंडाचा गळा दाबून जीव घेतो आणि आपल्याच ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो. ज्यानं सिनेमा पाहिलेला नाही त्यालाही एवढं माहीत असतं. पण त्याच्या थोडं आधी वेलणकरच्या हातून आणखी एक माणूस मेलेला असतो. किरकोळ चोरीवरून पकडून आणलेला एक फाटका माणूस. कोठडीत, मारता मारता मेलेला. हा कोणाला आठवत नाही. पंधरा-वीस जणांना मी विचारून पाहिलं आहे. वेलणकर झालेल्या ओम पुरीचे डोळे आठवतात, शेट्टी झालेल्या अमरापूरकरांचा आवाज आठवतो, कविता आठवते. चोर आठवत नाही. पुढे जे काही लिहिलं आहे ते या विसरण्याबद्दल आहे.

आधी सिनेमाच्या घराण्याबद्दल दोन शब्द. भाषा हिंदी असली तरी याची नाळ मराठीच आहे. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, ‘सूर्य’. पानवलकर आज फारसे वाचले जात नाहीत, याची मला खंत आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची, हिंदी संवाद वसंत देवांचे. देवांनी तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ही हिंदीत नेलं होतं, त्यामुळे तेंडुलकरांचं वाक्य कुठे थांबतं आणि कुठे चावतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. कविता दिलीप चित्रे यांची. दिग्दर्शन आणि छायाचित्रण गोविंद निहलानी यांचं. निहलानी जन्मानं कराचीचे, पण ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या सत्यदेव दुबेंच्या चित्रपटाचा कॅमेरा त्यांनीच सांभाळला होता. तेंडुलकरांनी लिहिलेला ‘निशांत’ त्यांनीच टिपला आणि ‘आक्रोश’ तर दिग्दर्शितही केला. म्हणजे ‘अर्धसत्य’पर्यंत येताना या दोघांचा बारा वर्षांचा सहवास होता.

तेंडुलकरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. सत्तरच्या दशकात त्यांना नेहरू फेलोशिप मिळाली होती आणि विषय होता समाजातली वाढती हिंसा. आणि ‘अर्धसत्य’च्या अकरा वर्षं आधी, १९७२ मध्ये, त्यांनी एक पोलीसकथा लिहिलेलीच होती. घाशीराम म्हणजे तरी कोण? पुण्याचा कोतवाल. नाना फडणवीसांनी बसवलेला, नानांनी वापरलेला आणि लोक खवळले तेव्हा नानांनीच लोकांच्या हाती दिलेला. घाशीराम वाईट माणूस आणि वेलणकर चांगला, हा फरक आहेच. पण दोघांच्या हातात दंडुका देणारा दुसराच कोणी असतो आणि दंडुका कोणाच्या पाठीवर पडला, कोणाच्या नाही, याचा हिशेबही त्या दुसऱ्याकडेच असतो. ‘घाशीराम’ पाहिलेल्यानं ‘अर्धसत्य’ पाहिला की हे नातं आपोआप दिसतं.

आता भ्रष्टाचाराकडे येऊ. पोलिसांवरचा सिनेमा म्हटला की आपण पाकिटाची वाट पाहतो. टेबलाखालून सरकलेलं, मिठाईच्या डब्यातून आलेलं. ‘अर्धसत्य’ पाकिटावर फारसा रेंगाळत नाही. इथला भ्रष्टाचार टेलिफोनच्या तारेतून येतो. रामा शेट्टीचाच एक माणूस जळून मरणाच्या दारात पडलेला असतो. वेलणकर त्याला दवाखान्यात नेतो, त्याचा जबाब घेतो, त्यात शेट्टीचं नाव येतं. आता काय राहिलं? पुरावा हातात, कायदा पाठीशी, अंगावर वर्दी. तो शेट्टीला पकडायला जातो. शेट्टी आवाज फारसा न चढवता एक फोन लावतो. फोनवर वेलणकरचाच वरिष्ठ. वेलणकरला परत फिरायला सांगितलं जातं.

हे दृश्य नीट पाहा. त्यात मारामारी नाही, कोणी कोणाला धमकी देत नाही. पैशांची देवघेव झाली असेल तर ती कधीतरी पूर्वीच, आपल्या डोळ्यांआड झाली असणार. आपल्याला दिसतो फक्त रिसीव्हर आणि तो कानाला लावून ऐकणारा एक धडधाकट माणूस. ओम पुरीनं त्या काही क्षणांत चेहऱ्यावर जे घडवलं आहे त्याबद्दल लिहिण्यापेक्षा ते पाहावं हेच बरं. आपल्याकडे ‘वरून फोन आला’ हे वाक्य तलाठ्यापासून शाळेच्या मुख्याध्यापकापर्यंत सगळे इतक्या सहजपणे म्हणतात, की त्यात काही लज्जास्पद आहे हेच आपण विसरून गेलो आहोत. त्या फोनची दुसरी बाजू, तो घेणाऱ्याची, या सिनेमानं दाखवली.

पण तेंडुलकर एवढ्यावर सोडत नाहीत. शेट्टीच्या या फोनच्या आधी एक प्रकरण येतं, ते मला शेट्टीपेक्षाही जास्त बोचतं. वस्तीतल्या एका बाईची छेड काढणाऱ्या पोरांना वेलणकर पकडतो आणि ठाण्यात बेदम चोपतो. पोरं आमदाराची निघतात. आमदार म्हणतो, माफी माग, नाहीतर निलंबन. वेलणकर माफी मागत नाही. इथवर आपण त्याच्या बाजूनं टाळ्या वाजवत असतो. मग त्याचा वरिष्ठ सहकारी हैदर अली (शफी इनामदार, काय सहज काम केलं आहे!) त्याला समजावतो की असं ताठ उभं राहून निभावत नाही, वर कोणीतरी लागतो. आणि दिल्लीत हात पोहोचलेल्या एका मध्यस्थाकरवी प्रकरण मिटवलं जातं. म्हणजे प्रामाणिक फौजदाराचा प्रामाणिकपणा वाचवायला सेटिंग लागलं! आमदाराच्या फोनवर त्याहून मोठा फोन. त्या दिवशी वेलणकर वाचतो, पण तारेच्या त्याच जाळ्यात अडकतो. पुढे शेट्टीनं फोन उचलला तेव्हा तक्रार कोणत्या तोंडानं करायची?

हैदर अली खलनायक नाही, हे मुद्दाम सांगतो. वेलणकरवर त्याचा जीव आहे. खात्यात टिकून राहिलेल्या शहाण्या माणसाचा तो आवाज आहे आणि असा माणूस प्रत्येक कार्यालयात एक तरी असतोच. त्याच्या उलट टोकाला माइक लोबो, नसीरुद्दीन शाहनं केलेला : निलंबित झालेला, दारूत बुडालेला आणि रस्त्यावर मरणारा इन्स्पेक्टर. वेलणकरसमोर दोनच आरसे ठेवले आहेत, हैदर अली आणि लोबो. तिसरा आरसा त्याला सापडत नाही.

तिसरी वाट दाखवू शकली असती ती ज्योत्स्ना गोखले. स्मिता पाटीलची ही भूमिका लहान आहे, आणि माझं स्पष्ट मत असं की पटकथेनं तिच्यावर अन्याय केला आहे. साहित्य शिकवणारी प्राध्यापिका, पोलिसांच्या हिंसेविषयी साशंक, मोर्चात उतरणारी. तिच्या तोंडी बऱ्याचदा लेखकाचीच भूमिका येते आणि ती माणूस कमी आणि सदसद्विवेकबुद्धी जास्त वाटायला लागते. पण कवितेचा प्रसंग तिच्यामुळेच घडतो. ती वेलणकरला पुस्तक देते, तो सहज, किंचित थट्टेच्या सुरात मोठ्यानं वाचायला लागतो. चक्रव्यूहाची कविता आहे. चार-दोन ओळींनंतर त्याचा सूर बदलतो. कविता वाचणारा माणूस आपणच त्या कवितेत सापडल्याचं ओळखतो, आणि हे आपल्याला कोणीही सांगत नाही, फक्त आवाजात ऐकू येतं. पडद्यावर कविता वाचली गेली की मी सहसा अवघडतो. इथे नाही अवघडलो.

वेलणकरला हिंसा कुठून मिळाली याचं उत्तर सिनेमा देतो. वडील निवृत्त पोलीस, गावी राहणारे, आईला मारणारे. अमरीश पुरींनी ते काम केलं आहे. मुलाला पुढे शिकायचं होतं. बापानं त्याला खात्यात ढकललं. पोराच्या डोळ्यांदेखत आईच्या अंगावर पडलेला हात पुढे त्याच पोराच्या खांद्यातून उठताना दिसतो. हे काहींना जरा जास्तच सोपं गणित वाटतं, मलाही एकेकाळी वाटायचं. आता वाटत नाही. कारण बापाच्या घरातली मारहाण आणि ठाण्यातली मारहाण यांना जोडणारा एक शब्द दोन्हीकडे सारखाच वापरला जातो : ‘वळण लावणं’.

सिनेमा आला तो काळही मनात धरायला हवा. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, दोन-अडीच लाख कामगार घरी बसले. त्याच महिन्यात वडाळ्याला मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. मुंबईच्या चकमकींचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण सुरुवात तिथून करतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनीच बंड केलं आणि ते आवरायला लष्कर बोलवावं लागलं. पगार, घरं, साहेबांच्या घरी करावी लागणारी कामं, संघटनेचा हक्क अशा तक्रारी साचल्या होत्या. ‘अर्धसत्य’ पडद्यावर आला तो पुढच्या वर्षी. वेलणकरचा कोंडमारा लेखकाच्या टेबलावर जन्मलेला नव्हता. शहरातली खाकी वर्दी तेव्हा खरोखरच आतून उसवत होती.

‘सर्पिको’चा आग्रह धरणाऱ्या मुलासाठी इथे थोडं थांबतो. सिडनी लुमेटचा हा चित्रपट १९७३ च्या डिसेंबरचा, अल पचिनोचा. खरी गोष्ट आहे. न्यूयॉर्कचा पोलीस फ्रँक सर्पिको हप्ते नाकारतो, वरिष्ठांकडे तक्रारी करतो, कोणी दाद देत नाही, तेव्हा वर्तमानपत्राकडे जातो. एप्रिल १९७० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी येते, चौकशी आयोग बसतो. फेब्रुवारी १९७१ मध्ये एका धाडीत सर्पिकोच्या तोंडावर गोळी लागते. तो वाचतो आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आयोगापुढे साक्ष देतो. त्या नॅप आयोगानं भ्रष्ट पोलिसांचे दोन प्रकार सांगितले होते, मांसाहारी आणि गवतखाऊ. आपल्या भाषेत सांगायचं तर मागून घेणारे आणि आलेलं न सोडणारे. फरक पाहा. सर्पिकोला शेवटी का होईना, पण वर्तमानपत्र सापडतं, आयोग सापडतो, बोलायला एक माईक आणि ऐकायला खुर्च्या सापडतात. वेलणकरला यातलं काहीच सापडत नाही. त्याच्या बोलण्याला जागा नाही, म्हणून हात बोलतो.

आणि योगायोग असा, की त्याच १९७३ मध्ये आपल्याकडे ‘जंजीर’ आला होता. प्रकाश मेहरा, सलीम-जावेद, अमिताभ. ठाण्यातल्या खुर्चीला लाथ मारणारा इन्स्पेक्टर विजय. विजयचा राग स्वच्छ असतो. तो ज्याला मारतो तो मार खायच्या लायकीचाच असतो, याची खात्री लेखकांनी आधीच करून दिलेली असते. ‘अर्धसत्य’नं दहा वर्षांनी ही खात्री काढून घेतली.

आता त्या चोराकडे. मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, तालुक्याच्या गावी, भाड्यानं आणलेल्या व्हिडिओवर. आमचं घर पोलीस लाईनीला लागून होतं. शेजारचे एक निवृत्त हवालदार, आम्ही त्यांना काका म्हणायचो, बाहेरच्या खोलीत आमच्याबरोबर बसले होते. छेड काढणाऱ्या पोरांना वेलणकरनं झोडपलं तेव्हा आम्ही पोरं ओरडत होतो. काका शांत. कोठडीत चोराला मारायला सुरुवात झाली तसे ते उठले आणि ओट्यावर जाऊन तंबाखू मळत बसले. शेट्टीचा गळा दाबला गेला तेव्हा आमच्या शिट्ट्या ऐकून आत आले. सगळं संपल्यावर, टेप उलटी फिरत असताना, त्यांनी एकच विचारलं : “त्या चोराच्या घरी कळवायला कोण गेलं?”

आम्ही म्हटलं, सिनेमात ते नाही दाखवलं. ते म्हणाले, “नाहीच दाखवणार. ते काम हवालदाराला लावतात.” आणि चपला घालून गेले. त्यांना अशा कामाला कधी लावलं होतं का, हे विचारायची माझी हिंमत त्या दिवशी झाली नाही आणि पुढेही झाली नाही.

तेव्हापासून मी हा सिनेमा चोराच्या बाजूनं पाहतो. तसा पाहिला की त्याचा सांगाडा वेगळाच दिसतो. वेलणकर तीन वेळा हात उचलतो. पहिल्यांदा छेड काढणाऱ्या पोरांवर : माणसं बरोबर, रीत चूक, आणि प्रेक्षक खूश. मग एकामागून एक अपमान होत जातात. जीव धोक्यात घालून पकडलेल्या दरोडेखोराचं श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या पदरात पडतं. ज्या शेट्टीला पकडता आलं नाही त्याच्याच निवडणुकीच्या प्रचाराला बंदोबस्त पुरवावा लागतो. दारू वाढते. दुसऱ्यांदा हात उठतो तो चोरावर. ज्यांच्यावर उठायला हवा होता त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही, म्हणून जो समोर आहे, ज्याच्यासाठी कोणी फोन करणार नाही, त्याच्यावर. तिसऱ्यांदा शेट्टीवर. पण तोवर वेलणकर शेट्टीच्या दारात कशासाठी गेलेला असतो? कोठडीतल्या मृत्यूतून सुटका करून घेण्यासाठी. हैदर अलीनंच त्याला तिकडे पाठवलेलं असतं. शेट्टी त्याला वाचवायला तयार आहे, बदल्यात वेलणकरनं त्याचा माणूस व्हायचं. म्हणजे तो शेवटचा प्रसिद्ध गळा दाबला जाण्याचं मूळ कारण तो चोर आहे. चोर काढून टाका, सिनेमा उभाच राहत नाही.

पुढच्या चित्रपटांनी नेमकं हेच केलं. शेवट घेतला, चोर वगळला. २००४ च्या ‘अब तक छप्पन’ मध्ये नाना पाटेकरचा साधू आगाशे बळींचा आकडा सांगतो. त्या चित्रपटात निदान थोडी बेचैनी शिल्लक आहे. २०११ च्या ‘सिंघम’ मध्ये तीही उरत नाही. गोव्यातला राजकारणी गुंड, चिडलेला मराठी इन्स्पेक्टर, पाठीशी उभं राहिलेलं खातं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून केलेला न्याय. मला ‘सिंघम’ बघायला मजा आली होती, खोटं कशाला बोलू? पण वेलणकर खून करून ठाण्यात हजर होतो आणि सिंघमला हजर व्हावं लागत नाही, या एका फरकात आपली अठ्ठावीस वर्षं मावतात.

ही गोष्ट पडद्यापुरती राहिलेली नाही. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यातले चार संशयित पोलिसांच्या ताब्यात असताना मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. संशयितांवर ठार मारण्याच्या हेतूनंच गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष त्या आयोगाच्या अहवालात आहे. अहवाल आला तेव्हा फुलं उधळणारे कुठे होते, कोण जाणे.

कायद्याची बाजू थोडक्यात. सिनेमा आला तेव्हा कोठडीतल्या माणसाचे हक्क सांगणारा डी. के. बसू खटल्याचा निकाल यायला तेरा वर्षं होती, तो १९९६ चा. अटकेची नोंद, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी, हे सगळं त्यात बारकाईनं घालून दिलं आहे. पोलिसांवरचा राजकीय ताबा सैल करायला सांगणारा प्रकाश सिंह खटल्याचा निकाल २००६ चा. आणि पोलीस कोठडीत माणूस मेला तर न्यायदंडाधिकाऱ्यानं चौकशी केलीच पाहिजे ही तरतूदही त्याच सुमाराची. कागदावर पाहिलं तर वेलणकरच्या काळापेक्षा आज बरीच सोय आहे. ठाण्याच्या भिंतीवर बसू निकालाचा फलक बहुधा लावलेलाही असतो. आत जाल तेव्हा वाचून पाहा, निदान तो कोणत्या कपाटामागे गेला आहे ते तरी कळेल.

पुरस्कारांची यादी द्यायचा मोह टाळतो, पण एक सांगतो. ओम पुरीला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवातही तो सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला, आणि अहमदनगरहून आलेल्या, मराठी रंगभूमीवर घडलेल्या सदाशिव अमरापूरकरांना फिल्मफेअर मिळालं. रामा शेट्टी नंतरच्या हिंदी सिनेमातल्या कित्येक खलनायकांचा आजोबा आहे. नातवंडांनी मात्र आजोबाचा शांतपणा घेतला नाही, नुसता आरडाओरडा घेतला.

या पुस्तिकेत पुढे सिनेमाविषयीच्या नोंदी आहेत आणि मुलांनी काढलेली प्रश्नावली आहे. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न ‘वेलणकरनं रामा शेट्टीला मारलं ते योग्य की अयोग्य?’ असा होता. तो मी मुलांकडून शेवटी टाकून घेतला आहे. खेळ सव्वादोन तासांच्या आत संपेल, मध्यंतर नाही, मोबाइल बंद ठेवा. आणि दिवे लागल्यावर लगेच उठू नका, चर्चा कोठडीतल्या त्या चोरापासून सुरू करायची आहे.